एप्रिलची खोली, ऑक्टोबरची रांग

पत्र असं आहे, थोडं कापून:

"ताई, नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातली. छत्रपती संभाजीनगरला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. सीजीपीए ७.९. घरी सात एकर, सोयाबीन आणि तूर. सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन निम्म्याहून जास्त गेलं. परवा येळवशीला सगळे शेतात जमले होते, तेव्हा मी परदेशात एमएस करायचं बोलले. पप्पा गप्प बसले, पण नाही म्हणाले नाहीत. मामा म्हणाले, थंडीत जाऊ नको, उन्हाळ्यात जा. पुण्यातला एक एजंट म्हणतो, सप्टेंबरला लंडन धरा, नाही जमलं तर जानेवारी, सीट फुल होतायत, पन्नास हजार भरून ठेवा. वर्गातली दोन पोरं म्युनिकच्या मागे आहेत. कोणत्या महिन्यात जावं आणि कोणत्या शहरात, काहीच कळत नाहीये. कर्ज काढावं लागेल, तारण द्यायला शेत आहे. मला थंडी फार वाजते, हेही सांगून ठेवते."

बाई गं, तुझ्या मामांचं मला पटलं. त्यांनी थंडीमुळे सांगितलं, मी वेगळ्याच कारणांनी तेच सांगणार आहे.

पण आधी पप्पांचं गप्प बसणं. येळवशीच्या दिवशी, भज्जी-आंबील पोटात असताना, पांडवांच्या कोपीसमोर बसून लेक म्हणते परदेशी जाते, आणि बाप गप्प बसतो, तेव्हा तो हिशेब घालत असतो. तो हिशेब तू त्यांच्याबरोबर बसून घालायला हवास. आणि त्यातली पहिली ओळ तुझ्या पत्रातल्या शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे: तारण द्यायला शेत आहे.

नाही. शैक्षणिक कर्जाला शेत तारण म्हणून बहुतेक बँका घेत नाहीत. हे मी स्वतः एका बँकेच्या शाखेत, सातबाऱ्याची ताजी नक्कल हातात धरून शिकले. मॅनेजर म्हणाला, "हे पीककर्जाला चालतं, मॅडम." त्यामागं कारण आहे. कर्ज थकलं तर तारण थेट ताब्यात घेऊन विकायचा अधिकार बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्यानं दिला, पण शेतजमीन त्यातून वगळलेली आहे. शेतकऱ्यासाठी ते चांगलंच आहे. पण शेतकऱ्याच्या लेकीला कर्ज काढायचं असतं तेव्हा सात एकर असूनही हाताशी काही नसल्यासारखं होतं. साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय भागू शकतं, त्याच्या वर गेलं की बँक साधारणपणे घर, एनए (बिगरशेती) प्लॉट, मुदत ठेव असं काहीतरी मागते. तेव्हा मामांना उन्हाळा-हिवाळ्याबद्दल विचारू नकोस, त्यांच्या नावावर औशात किंवा लातुरात एनए प्लॉट आहे का आणि ते जामीन राहतील का, ते विचार. प्लॉट असेल तर सर्च रिपोर्ट, मूल्यांकन, वकिलाचं मत या सगळ्यात आठवडेच्या आठवडे जातात. म्हणजे महिना ठरवायची सुरुवात विद्यापीठाच्या वेबसाइटवर होत नाही, बँकेच्या बाकावर होते.

दुसरा हिशेब कागदांचा. तू कोणत्या विद्यापीठाची ते लिहिलं नाहीस, पण मराठवाड्यातली बरीच इंजिनिअरिंग कॉलेजं आता लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेली आहेत. तू त्यातली असशील तर ट्रान्स्क्रिप्टसाठी तुझी वाट रायगड जिल्ह्यातून जाते. परीक्षा मे-जूनला, निकाल जुलै-ऑगस्टला, त्यात एखादा विषय पुनर्मूल्यांकनाला टाकला की आणखी उशीर. मग प्रोव्हिजनल सर्टिफिकेट, मग एकत्रित गुणपत्रिका. आणि नावाची भानगड असतेच. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. एका कागदावर आईचं नाव जास्तीचं, दुसऱ्यावर वडिलांच्या नावात एक 'ए' कमी. आत्ताच सगळे कागद गादीवर पसरून स्पेलिंगं जुळवून बघ. दहावीच्या सर्टिफिकेटप्रमाणे पासपोर्ट असेल तर अर्धी कटकट वाचते.

आता महिने. प्रत्येक देशाचं पेरणीचं नक्षत्र वेगळं आहे आणि 'इनटेक', म्हणजे प्रवेशाचा हंगाम, या एका शब्दाखाली सगळं झाकलं जातं.

अमेरिकेचं खरं नक्षत्र ऑगस्ट-सप्टेंबर, ज्याला ते फॉल म्हणतात. जानेवारीचा स्प्रिंग दुय्यम. असिस्टंटशिप, म्हणजे प्राध्यापकाच्या हाताखाली काम आणि त्या बदल्यात फी-माफी, ही बहुतेक फॉलला वाटली जाते. शिवाय एक बारीक गोष्ट कोणी सांगत नाही. तिथं कॉलेजबाहेर इंटर्नशिप करायला साधारण एक पूर्ण शैक्षणिक वर्ष व्हावं लागतं. ऑगस्टला गेलेल्याची दोन सेमिस्टर मेपर्यंत होतात, त्याला पहिल्याच उन्हाळ्यात इंटर्नशिप मिळू शकते. जानेवारीला गेलेल्याचं मेपर्यंत एकच सेमिस्टर झालेलं असतं, त्याचा पहिला उन्हाळा रिकामा जातो. तुझ्या पैशाच्या हिशेबात अमेरिका मला बसत नाही, म्हणून पुढे जाते.

ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी-मार्च आणि जुलै. खरं सांगायचं तर निकाल ऑगस्टला हातात पडणाऱ्या मराठवाड्यातल्या पोरापोरींना फेब्रुवारी फार सोयीचा आहे, घाई न होता सगळं जमतं. थंडीही नाही, आपल्या हिवाळ्यात तिथं ऊन तापलेलं असतं. पण फी, व्हिसाची फी आणि तिथला खर्च, तिन्ही जड.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर मोठा, जानेवारी लहान. एका वर्षात मास्टर्स होतं, हे त्याचं आकर्षण. पण एजंट ज्या गोष्टी सांगत नाही त्या मी सांगते. शिकून झाल्यावर दोन वर्षं थांबायला मिळणारा ग्रॅज्युएट रूट १ जानेवारी २०२७ नंतर अर्ज करणाऱ्यांसाठी दीड वर्षाचा होणार आहे. तू येत्या सप्टेंबरला गेलीस तरी तुझा अर्ज त्यानंतरच पडेल. मोठ्या कंपन्या नव्या पदवीधरांची भरती शरद ऋतूत उघडतात, म्हणजे सप्टेंबरला उतरलेल्या मुलीनं बॅग उघडायच्या आधी अर्ज लिहायला बसायचं. आणि लंडनसाठी व्हिसाला दाखवायची रक्कमच महिन्याला दीड हजार पाऊंडांच्या वर आहे, लंडनबाहेर ती साडेअकराशेच्या आसपास. ही फक्त खायची-राहायची, फी वेगळी. म्हणजे लंडन या नावासाठी दर महिन्याला साडेतीनशे पाऊंड जास्त. ब्रिटनलाच जायचं असेल तर शेफील्ड, लीड्स, ग्लासगो बघ, मेकॅनिकलला ती शहरं काही कमी नाहीत. पण बारा महिन्यांच्या त्या धावपळीत कर्जाचा आकडा तुझ्या अंगावर येईल असं मला वाटतं.

उरलं जर्मनी, आणि माझा कल तिकडे आहे हे लपवत नाही. मी स्वतः नांदेडहून तिकडे गेले होते, पूर्व जर्मनीतल्या एका लहान शहरात. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, सेमिस्टरला काहीशे युरो वर्गणी भरायची, त्यात बऱ्याच ठिकाणी बस-ट्रामचा पासही येतो. दोन हंगाम आहेत. हिवाळी सत्र ऑक्टोबरला सुरू होतं, उन्हाळी एप्रिलला. उपयोजित शिक्षण देणारी जी विद्यापीठं आहेत, त्यांना होखशूलं म्हणतात, तिथं सत्र महिनाभर आधी, सप्टेंबर आणि मार्चला. अर्जाची सर्वसाधारण मुदत हिवाळ्यासाठी १५ जुलै आणि उन्हाळ्यासाठी १५ जानेवारी. 'सर्वसाधारण' हा शब्द लक्षात ठेव, इंग्रजीतले कितीतरी मास्टर्स परदेशी विद्यार्थ्यांसाठी त्याच्या दोन-चार महिने आधीच दार लावून घेतात.

आता हे तुझ्या घरच्या पंचांगावर ठेवून बघ. ऑक्टोबरला जायचं तर ब्लॉक्ड अकाउंटमध्ये पैसे साधारण जून ते ऑगस्टच्या दरम्यान भरायला लागतात. हे खातं म्हणजे वर्षभराचा खर्च आगाऊ गोठवून ठेवायचा आणि तिथं दरमहा हप्त्यानं काढायचा. २०२४ च्या सप्टेंबरपासून ती रक्कम ११,९०४ युरो आहे, महिन्याला ९९२. रुपयांत बारा लाखांच्या घरात. जूनमध्ये तुझ्या पप्पांच्या हातात काय असतं? बियाणं, डीएपी, ट्रॅक्टरवाल्याचं देणं आणि मृगाची वाट. वर्षातला सगळ्यात कोरडा महिना. सोयाबीनचे पैसे येतात दसरा-दिवाळीला, तुरीचे जानेवारीनंतर. एप्रिलला जायचं तर हेच खातं जानेवारी-फेब्रुवारीत भरायचं असतं. सगळी रक्कम शेतातून येणार नाही, हे मला कळतं, मोठा भाग कर्जाचाच राहील. पण बँक तुमच्याकडून जो हिस्सा मागेल, विमान, एपीएस (कागदपत्रांची जर्मन तपासणी), व्हिसा, पहिल्या महिन्याचा खर्च, ते तरी सावकाराकडून यायला नको.

म्हणून माझं म्हणणं: या ऑक्टोबरच्या मागं लागू नकोस. पुढच्या एप्रिलवर नेम धर आणि त्यानंतरचा ऑक्टोबर राखीव ठेव.

यात खोट आहे, ती आधी सांगते. एप्रिलला प्रवेश देणारे अभ्यासक्रम कमी असतात, तुला यादी करून शोधावे लागतील. काही ठिकाणी विषयांची साखळी ऑक्टोबरपासून बांधलेली असते, एप्रिलला येणारा दुसऱ्या भागापासून सुरू करतो आणि पहिला भाग नंतर शिकतो. दोन महिने डोकं गरगरतं. आणि सगळ्यात अडचणीचं म्हणजे, १५ जानेवारीच्या मुदतीवर अर्ज केलास तर प्रवेशपत्र फेब्रुवारीत येणार, आणि व्हिसाला कधी काही आठवडे तर कधी तीन महिने. गणित जुळत नाही. तेव्हा ज्यांची मुदत सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये आहे अशाच ठिकाणी एप्रिलसाठी अर्ज कर. जानेवारीच्या मुदतवाल्यांना ऑक्टोबरसाठी ठेव. कागद तेच लागतात. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा दोन वर्षं चालते. पत्र उशिरा आलं म्हणून रडायचं नाही, सहा महिने वाळूजला किंवा शेंद्र्याला काम करायचं. वाफसा नसताना तिफण घातली की काय होतं ते तुझ्या पप्पांना विचार. दुबार पेरणीचं बियाणं कोणी फुकट देत नाही.

आता एप्रिलचं दुसरं, माझ्या दृष्टीनं मोठं कारण. खोली.

मी ऑक्टोबरला उतरले होते. प्रवेश होता, व्हिसा होता, अंगावर जाड कोट होता, फक्त राहायला जागा नव्हती. वाटलं होतं पुण्यासारखं असेल, दोन दिवस कुणाकडे पडू, तिसऱ्या दिवशी कॉट बेसिस शोधू. तीन आठवडे एका तामिळ मुलीच्या खोलीत जमिनीवर झोपले. बरं, पत्ता नसला की तिथं सगळंच अडतं. घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, त्या कागदावर पुढचं बँकेचं, निवास परवान्याचं सगळं उभं राहतं. घर नाही तर कागद नाही, कागद नाही तर तू कुठेच नाहीस. ऑक्टोबरला त्या देशातला प्रत्येक नवा विद्यार्थी एकाच वेळी खोली शोधत असतो. एप्रिलला गर्दी कमी असते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा संपवून जुनी पोरं खोल्या सोडत असतात. सरकारी वसतिगृहं चालवणाऱ्या संस्थेला श्टुडिरेंडेनवेर्क म्हणतात. प्रवेशपत्र आल्याच्या दिवशीच तिथं अर्ज टाक, दुसऱ्या दिवशी नाही. काही ठिकाणी प्रवेशाआधीही प्रतीक्षा यादीत नाव घेतात.

आणि जाहिरातीत भाडं बघताना एक शब्द बघ. 'काल्ट' लिहिलं असेल तर ते कोरडं भाडं, त्यात हीटिंग, पाणी, कचरा धरलेला नाही. 'वार्म' म्हणजे ते धरून. अनामत रक्कम कोरड्या भाड्याच्या तीनपटीपर्यंत घेतात. "मी परदेशात असतो, अनामत पाठवा, चावी पोस्टानं येईल" असा मेल आला की तो चोर आहे, दुसरं काही नाही. आपल्या पोरांचे पैसे यात बुडालेले मी पाहिलेत.

आता शहर. तुझ्या वर्गातल्या पोरांचं म्युनिक घेऊ. तिथं शेअर फ्लॅटमधली एक खोली सातशे-आठशे युरोंना जाते. तुझ्या खात्यातून महिन्याला सुटणार ९९२. विद्यार्थ्यांचा आरोग्य विमा साधारण एकशे चाळीस-दीडशे. राहिले चाळीस ते दीडशे, त्यात महिना काढ. शिवाय म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानं २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून युरोपियन संघाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना फी लावली आहे, मास्टर्सला सेमिस्टरला ४,००० ते ६,००० युरो. "जर्मनीत शिक्षण फुकट" हे वाक्य म्हणणाऱ्याला कोणतं शहर ते विचारायचं. श्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग ही बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातली शहरं. तिथं २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो आहेत. चार सेमिस्टरचे सहा हजार. श्टुटगार्टला मर्सिडीज, पोर्शे, बॉश आहेत हे खरं, आणि कोणी विचार करून ते सहा हजार भरत असेल तर मी त्याला अडवणार नाही. पण भाडंही तिथं चढं आहे.

तेच पूर्व जर्मनीतल्या केम्निट्झला खोली तीनशेच्या आसपास मिळते. माग्डेबुर्ग, फ्रायबर्ग, इल्मेनाऊ, काइझर्सलाउटर्न ही तशीच. फ्रायबुर्ग आणि फ्रायबर्ग ही दोन वेगळी गावं आहेत, तिकीट काढताना घोळ घालू नकोस. केम्निट्झचं तांत्रिक विद्यापीठ उत्पादन अभियांत्रिकीत चांगलं आहे, माग्डेबुर्गचं प्रक्रिया अभियांत्रिकीत. ड्रेस्डेन जरा महाग, पण तिथं इन्फिनियॉन, बॉश, ग्लोबलफाउंड्रीज अशा चिप बनवणाऱ्यांचा गोतावळा आहे. लाइपझिगला बीएमडब्ल्यू आणि पोर्शेचे कारखाने. आखेन आणि ब्राउनश्वाइग मधली. आखेनचं नाव मोठं, प्रवेश अवघड, खोली मिळवणंही अवघड.

इथं एक बाजूचं बोलते. संभाजीनगरला मेकॅनिकल करणाऱ्याला जर्मनी म्हटलं की गाड्याच दिसतात, शेंद्र्याची स्कोडा रोज डोळ्यांसमोर असते ना. पण तिकडचा गाड्यांचा धंदा सध्या आजारी आहे. फोक्सवागननं २०२४ च्या डिसेंबरमध्ये कामगार संघटनेशी करार केला, त्यात २०३० पर्यंत पस्तीस हजारांवर नोकऱ्या कमी करायचं ठरलं. तेव्हा 'ऑटोमोटिव्ह' हा शब्द नावात असलेला अभ्यासक्रम आणि एकाच कंपनीवर जगणारं शहर, असा डबल डाव लावू नकोस. प्रक्रिया, ऊर्जा, ऑटोमेशन, मोजमापाची उपकरणं हेही मेकॅनिकलच.

लहान शहराची किंमत भाषेत मोजावी लागते. वर्गात इंग्रजी चालेल, पण बेकरीत, डॉक्टरकडे, पत्ता नोंदवायच्या खिडकीवर जर्मनच. बर्लिनमध्ये इंग्रजीवर दोन वर्षं काढलेली पोरं आहेत, केम्निट्झमध्ये तसं जमणार नाही. २०२६ च्या जानेवारीपासून तिथं किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे, आणि विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. म्हणजे कामं आहेत. पण ए-टू पातळीची भाषा असली तर हॉटेलात भांडी घासायचं, त्याच्या वरची बी-वन असली तर कंपनीत वेर्कश्टुडेंट, म्हणजे शिकता शिकता अर्धवेळ नोकरी करणारा विद्यार्थी, म्हणून बसायचं, एवढा फरक पडतो. तुला एप्रिल सांगण्याचं हे तिसरं कारण. जुलै ते डिसेंबर तुझ्या हातात मोकळे सहा महिने येतात. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनचे ऑनलाइन वर्ग बघ, संभाजीनगरात शिक्षक मिळाला तर तिथं, पण परीक्षा मात्र मान्यताप्राप्तच दे.

आता थंडी. थंडीला घाबरू नकोस, खरंच. घरं तापवलेली असतात, खोलीत पोरं टी-शर्टवर बसतात. औशात डिसेंबरच्या पहाटे पत्र्याच्या घरात जितकी थंडी वाजते तितकी मला तिथं घरात कधी वाजली नाही. जड कोट इथून नेऊ नकोस, तिथं जुन्या कपड्यांच्या दुकानात स्वस्त आणि चांगला मिळतो. त्रास होतो तो अंधाराचा. डिसेंबरमध्ये सूर्य सव्वाआठला उगवतो आणि चारच्या सुमाराला मावळतो, आणि त्या वेळातही तो ढगाआडच असतो. ऑक्टोबरला नवखं माणूस उतरतं, ओळखी व्हायच्या आत हा अंधार येतो. पहिल्या नाताळच्या सुट्टीत दुकानं बंद, ट्राम रिकाम्या, आणि आपण खोलीत एकटे घरच्यांना व्हिडिओ कॉल लावून बसलेलो. मी त्या दिवसांत येळवशीच्या भज्जीसाठी रडले आहे, सांगायला लाज नाही. एप्रिलला उतरलीस तर झाडांना पालवी फुटत असते, जूनमध्ये रात्री नऊ-साडेनऊपर्यंत उजेड, लोक बाहेर असतात, बोलतात. अंधार यायच्या आधी तुझ्याकडे सहा महिन्यांची माणसं जमा झालेली असतात. मामा बरोबर होते ते इथं.

शिष्यवृत्तीबद्दल तू विचारलं नाहीस. तू कोणत्या प्रवर्गातली ते पत्रात नाही, त्यामुळे स्वतःच तपास: समाजकल्याण विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, सारथीची सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची, ओबीसी आणि आदिवासी विभागांच्या वेगळ्या. या बहुतेकांना उत्पन्नाची मर्यादा आणि जागतिक क्रमवारीतल्या वरच्या विद्यापीठाचा प्रवेश लागतो. म्हणजे शिष्यवृत्ती मिळणार असेल तर मी वर म्हटलेलं सगळं उलटं होतं. मग केम्निट्झ नाही, मग आखेन आणि म्युनिकच बघ, आणि ऑक्टोबरच बघ, कारण जाहिराती त्या हंगामाला धरून निघतात. फक्त मंजुरीच्या पत्रात किती सेमिस्टरचे पैसे आहेत ते नीट वाच. लोणेऱ्याच्या आणि संभाजीनगरच्या, दोन्ही विद्यापीठांना ज्यांचं नाव आहे ते बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, आणि १९१७ मध्ये तिची मुदत संपली म्हणून लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परत आले. पुन्हा जायला १९२० उजाडलं.

आता लगेच करायचं ते. या महिन्यात मामांशी प्लॉटचं बोल आणि दोन बँकांत जाऊन लागणाऱ्या कागदांची लेखी यादी आण, कर्जातून ब्लॉक्ड अकाउंट भरू देतात का तेही विचार. परीक्षेपर्यंत बाकी काही डोक्यात घेऊ नकोस, ७.९ चे ८.१ झाले तर आयईएलटीएसच्या अर्ध्या गुणापेक्षा ते जास्त कामाला येतात. परीक्षा झाली की आयईएलटीएस. निकाल लागला की ट्रान्स्क्रिप्ट, आणि लगेच एपीएस. ही कागदपत्रं खरी असल्याची जर्मन दूतावासाची तपासणी, २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतीयांना सक्तीची, फी अठरा हजार, आणि गर्दीच्या दिवसांत वेळ लागतो. अर्ज बऱ्याच ठिकाणी युनि-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या संस्थेमधून जातो, पहिल्याला ७५ युरो आणि त्याच हंगामातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०. सहा-सात ठिकाणी कर, वीस ठिकाणी नको.

आई डबा बांधेल तेव्हा तिला सांग, तूप, पेढे, खवा यातलं काही बॅगेत नको, बाहेरच्या देशांतून येणारे दुधाचे पदार्थ युरोपात विमानतळावर काढून घेतात. ज्वारीचं पीठ चालतं. डाळ-कोथिंबीर तुर्की दुकानात मिळते, काळा मसाला मात्र घरूनच ने, तो कुठंच मिळत नाही.

राहिला एजंट. त्याला पैसे विद्यापीठाकडून कमिशनच्या रूपानं मिळतात, आणि जर्मनीतली सरकारी विद्यापीठं कमिशन देत नाहीत. तुला लंडन का दाखवलं आणि केम्निट्झचं नाव का काढलं नाही, ते यावरून समजून घे. पन्नास हजार भरू नकोस. भरून झाले असतील तर पावती कोणाच्या नावानं आहे आणि तीवर 'परत मिळणार नाही' असं काही छापलंय का, त्याचा फोटो मला लगेच पाठव.